जीपचा ॲक्सल शाफ्ट बदलताना पोलादाचे नाव पुरेसे नाही, भट्टीचा कागदही मागा

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर खेड तालुक्यातील एका वाडीतून आम्ही जीपने परतत होतो. जीप जुनी, विलीस धर्तीची. मालक आमचे स्नेही. मागे चौघे बसलेले, त्यांत दोन शाळकरी मुले. चढ संपून रस्ता सपाट झाला आणि मागून ‘कडक’ असा एकच आवाज आला. गाडी डाव्या कुशीवर बसली आणि आमच्या डोळ्यांदेखत मागचे डावे चाक ड्रमसकट आम्हाला मागे टाकून पुढे निघून गेले व करवंदीच्या जाळीत जाऊन अडकले. वेग पायी चालण्याइतकाच होता म्हणून कोणाला खरचटलेसुद्धा नाही. हेच कशेडी घाटाच्या उतारावर घडले असते तर हा मजकूर लिहायला आम्ही उरलो असतो की नाही, सांगता येत नाही.

चाकासोबत गेलेला शाफ्टचा तुकडा आम्ही उचलून आणला. तुटलेल्या तोंडाचा दोन-तृतीयांश भाग काळपट होता आणि त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक गोलसर रेघा होत्या. उरलेला भाग चकचकीत आणि दाणेदार. महामार्गालगतच्या एका गॅरेजात तेथील उस्तादांनी चष्मा लावून तो तुकडा उजेडात धरला आणि म्हणाले, “शेठ, हा आज तुटला नाही. दोन पावसाळे तुटत होता. आज फक्त वेगळा झाला.”

उस्तादांची चाळीस वर्षे जीपखाली गेली आहेत. आता गॅरेज त्यांचा भाचा पाहतो. मुलगा आयटीआय झालेला, चटपटीत, गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा. दुकानाच्या फळीवर त्याने निळ्या रंगाचे नवे कोरे शाफ्ट ओळीने लावले होते आणि वर पाटी होती, ‘हेवी ड्यूटी ॲक्सल’. मुंबई-पुण्याकडची हौशी मंडळी मोठे टायर लावून, लॉकर टाकून आडवाटेला गाड्या घालतात. गोव्यात २०१४ पासून ऐन पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ ही स्पर्धा भरू लागली, तेव्हापासून या महामार्गावरून अशा गाड्यांची ये-जा आम्हीही पाहतो. त्यांच्यासाठी हा माल.

“मामू, लोक मागतात ते विकतो. ईएन-२४ आहे. कंपनीच्या शाफ्टला हे पोलाद कुठे मिळते?” भाचा म्हणाला.

उस्ताद काही बोलले नाहीत. आत जाऊन त्यांनी आणखी एक निळा शाफ्ट आणला आणि काउंटरवर ठेवला. त्याच्या टोकाचे दाते, ज्यांना आपण स्प्लाइन म्हणतो, ते सरळ राहिले नव्हते. सुंभाला पीळ पडावा तसे वळले होते. “हा तुझाच. तीन महिन्यांत परत आला. त्याच गाडीत दुसऱ्या बाजूला कंपनीचा आहे, तो अजून चालतो. असे का, ते सांग.”

भाच्याला सांगता आले नाही. आम्हालाही त्या दिवशी सांगता आले नसते. पुढचे काही महिने आम्ही यंत्रशाळा, हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या आणि पार्टवाल्यांची दुकाने पालथी घातली. जे हाती लागले ते येथे देत आहोत. आपल्या वाचकांत गॅरेज चालवणारे, सुटे भाग विकणारे आणि लेथवर पोट असणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून जाणाऱ्या या दोन-अडीच फुटांच्या दांडक्यावर कोणाचा तरी जीव असतो.

शाफ्टवर भार येतो किती?

आधी हिशेब करू. विलीसच्या सीजे-३बी जीपला ७२ अश्वशक्तीचे ‘हरिकेन’ इंजिन असे. त्याचा जास्तीत जास्त पीळ, म्हणजे टॉर्क, सुमारे १५५ न्यूटन-मीटर. पहिल्या गिअरमध्ये हा पीळ २.८ पट होतो, ट्रान्सफर केसच्या ‘लो’मध्ये २.४६ पट आणि क्राऊन-पिनियनमध्ये ५.३८ पट. तिन्हींचा गुणाकार ३७. म्हणजे कागदावर सुमारे ५,७०० न्यूटन-मीटर पीळ ॲक्सलांपर्यंत पोचू शकतो. इंजिन म्हाताऱ्या जीपचे आहे म्हणून हसू नये. गिअरांनी त्याचा पहिलवान केलेला असतो.

हा सगळा पीळ शाफ्टवर का येत नाही? कारण त्याआधी टायर घसरतो. समजा मागच्या ॲक्सलवर ८०० किलो वजन आहे, जमिनीची पकड वजनाच्या ०.८ पट आहे आणि टायरची त्रिज्या ३६ सेंटिमीटर आहे. तर दोन्ही चाके मिळून सव्वादोन हजार न्यूटन-मीटरच्या आसपास टायर जागेवर फिरू लागतील. टायर हा शाफ्टचा पहिला राखणदार. त्याच गाडीला ३३ इंची टायर लावले की त्रिज्या ४२ सेंटिमीटर होते आणि हाच आकडा सव्वीसशेच्या पुढे जातो. इंजिन तेच, गिअर तेच, तरी शाफ्टवरचा भार सहाव्या हिश्श्याने वाढला. शिवाय रुंद, खोल नक्षीचा टायर पकडही वाढवतो, आणि चढावर गाडीचे वजन मागे सरकते ते वेगळेच.

आता लॉकर. साध्या डिफरेन्शियलमध्ये दोन्ही शाफ्टना पीळ सारखा मिळतो. एक चाक चिखलात गरगर फिरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच तुटपुंजा पीळ मिळतो. त्यामुळे गाडी अडकते, पण शाफ्ट वाचतो. लॉकर टाकला की एक चाक हवेत असताना सगळा पीळ जमिनीवरच्या एकट्या शाफ्टवर जातो. दोघांनी वाटून घ्यायचा भार एकावर! त्यातही सर्वांत वाईट क्षण म्हणजे हवेत गरगरणारे चाक एकदम दगडावर टेकते तो. त्या झटक्याला वरचा हिशेबही पुरत नाही. बहुतेक शाफ्ट जोराने नव्हे, अशा झटक्याने जातात.

म्हणून शाफ्ट मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न टायर कोणता आणि लॉकर आहे का, हा विचारावा. पोलादाची चर्चा त्यानंतरची.

जाडी आणि दाते

गोल दांड्याची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. ३० मिलिमीटरचा शाफ्ट ३३ चा केला तर जाडी दहा टक्के वाढली, पण ताकद एक-तृतीयांश वाढली. अमेरिकेत ‘डाना ४४’ ॲक्सलचे शौकीन ३० दात्यांचा शाफ्ट काढून ३५ दात्यांचा बसवतात, त्यामागे हेच गणित आहे. व्यास १.३१ इंचावरून दीड इंच होतो आणि ताकद साधारण दीडपट. आपल्याकडे मात्र दात्यांच्या संख्येलाच ताकद समजण्याची चूक होते. दाते मोजू नका, व्हर्नियर लावा.

जाडी वाढवण्यात एक गोम आहे. दाते बदलले की डिफरेन्शियलच्या आतले साइड गिअर बदलावे लागतात, कधी अख्खा डबा बदलावा लागतो, बेअरिंग आणि ऑइल सीलचे माप बदलते. शाफ्टच्या बिलापाठोपाठ तीन बिले येतात. जुन्या जीपच्या मालकाला हे आधी सांगायला हवे.

दुसरी गोष्ट लेथवाल्यांसाठी. शाफ्टची मधली दांडी दात्यांच्या तळाच्या व्यासापेक्षा जाड ठेवली म्हणजे मजबूत झाला, असे अनेकांना वाटते. होते उलट. दांडी जाड राहिली की सगळा पीळ दात्यांच्या मुळाशी गोळा होतो आणि तेथेच शाफ्ट जातो. दांडी दात्यांच्या तळाइतकी, किंचित कमीच, ठेवली तर झटका संपूर्ण लांबीवर पसरतो, शाफ्ट स्प्रिंगसारखा थोडा वळतो आणि परत येतो. जेथे व्यास बदलतो तेथे काटकोनी कोपरा नको, गोलाई हवी. टूलची एक खोल रेघही भेगेचे बीज ठरते. आमच्या जीपचा शाफ्ट अशाच एका धारदार खांद्यापाशी तुटला होता.

पोलादाचे नाव आणि भट्टीचे काम

आता उस्तादांच्या प्रश्नाकडे येऊ. भारी पोलादाचा शाफ्ट पिळला आणि कंपनीचा साधा शाफ्ट टिकला, असे का?

आपल्या बाजारात शाफ्टसाठी प्रामुख्याने तीन नावे चालतात. ईएन-८ हे साधे मध्यम कार्बनचे पोलाद. ईएन-१९ मध्ये क्रोमियम आणि मॉलिब्डेनम. ईएन-२४ मध्ये त्यांच्या जोडीला निकेल. अमेरिकन मंडळी ज्याला ४३४० म्हणतात, त्याचा हा जवळचा नातेवाईक. परदेशी जाहिरातीत ‘क्रोमोली शाफ्ट’ म्हणून ज्याचे कौतुक असते तो बहुधा याच जातीचा. म्हणजे भाच्याने नाव बरोबर घेतले होते.

पण पोलादाचे नाव म्हणजे तांदळाचे नाव. बिर्याणी कशी झाली ते आचेवर ठरते. ईएन-२४ चा गज बाजारात बहुधा ‘टी’ अवस्थेत मिळतो, म्हणजे कारखान्यातून थोडे पाणी पाजून आलेला. त्याची ताणशक्ती दर चौरस मिलिमीटरला ८५० ते १,००० न्यूटन. कडकपणा रॉकवेल ‘सी’ मापावर तिसाच्या आसपास. हा गज लेथवर सहज कापता येतो, आणि म्हणूनच लेथवाल्याला तो आवडतो. दाते पाडले, रंग दिला, फळीवर ठेवला. भट्टीचे तोंड त्या शाफ्टने पाहिलेच नाही.

कंपनीचा शाफ्ट बहुधा ईएन-८ च्या भावकीतल्या कार्बन-मँगनीज पोलादाचा असतो. मात्र घडवल्यावर त्याला इंडक्शनची आच दिलेली असते. तांब्याच्या वेटोळ्यातून विजेच्या जोरावर शाफ्टची वरची कातडी काही सेकंदांत लालबुंद करतात आणि लगेच पाण्याच्या फवाऱ्याने विझवतात. ती कातडी रॉकवेल ‘सी’वर पन्नाशीच्या वर जाते. ताणशक्तीच्या भाषेत हा आकडा सतराशेच्या पुढचा. गाभा मात्र मऊ आणि चिवट राहतो. पीळ पडताना सर्वांत जास्त ताण दांड्याच्या पृष्ठभागावर असतो आणि मधोमध शून्य. म्हणजे जेथे ताण, नेमके तेथेच कंपनीने कडकपणा दिला. उलट निळ्या शाफ्टची कातडी तिसावर होती. तो पिळला नसता तरच नवल!

हे ऐकून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “म्हणजे मी कंपनीचा चांगला माल काढून हलका घालत होतो, आणि वर पैसे जास्त घेत होतो?” आम्ही काही बोललो नाही. उस्ताद म्हणाले, “जाणूनबुजून नाही केलेस. आता जाणतोस.”

याचा अर्थ ईएन-२४ वाईट, असा मुळीच नाही. तेच पोलाद दाते पाडल्यावर ८२० ते ८५० अंशांपर्यंत तापवून तेलात विझवले आणि पुन्हा योग्य आचेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा घालवला, तर ते आरपार चाळिशीच्या पुढे कडक होते आणि चिवटही राहते. असा शाफ्ट लॉकरचे झटके सोसतो. फक्त हे काम अंदाजाने होत नाही. तेलातून निघालेला शाफ्ट थोडाफार वाकतो. तो सरळ करावा लागतो आणि बेअरिंगची जागा शेवटी ग्राइंडिंगने मापात आणावी लागते. म्हणून लेथवर काम करतानाच तेथे थोडे माल शिल्लक ठेवायचे असते. ज्याने ते ठेवले नाही त्याने भट्टीचा विचारच केला नव्हता, असे खुशाल समजावे. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत हीट ट्रीटमेंटची कामे नेहमी होतात, कोल्हापूरच्या शिरोलीतही होतात. पाच-सहा शाफ्ट एकत्र पाठवले तर खर्च वाटून जातो. एकेकटा शाफ्ट पाठवायचा म्हटले की अंगावर येते, आणि येथेच चोरवाट शोधली जाते.

लोहारी पद्धतीने विस्तवात लाल करून बादलीत बुडवलेले शाफ्टही आम्ही पाहिले. ते काचेसारखे कडक होतात आणि काचेसारखेच तुटतात. तसाच प्रकार वेल्डिंगचा. बेअरिंगची झिजलेली जागा वेल्डिंगने भरून पुन्हा टर्न करून देणारे कारागीर हाताचे कुशल असतात, यात शंका नाही. पण त्या उष्णतेने बाजूची कातडी मरते आणि वेल्डिंगच्या कडेशी भेग सुरू होते. तुटलेला शाफ्ट जोडून देणे हा तर गुन्हाच समजावा.

चाक कशाच्या आधाराने उभे आहे?

ट्रकवर काम केलेल्या कोणाही मिस्त्रीला ठाऊक आहे की ट्रकचा ॲक्सल जॅक न लावता ओढून काढता येतो. हबवरचे बोल्ट सोडले की शाफ्ट हातात, आणि ट्रक आपल्या जागी उभा. कारण तेथे वजन हौसिंगच्या नळीवर बसलेल्या हबने आणि बेअरिंगने पेललेले असते. शाफ्टला फक्त फिरवण्याचे काम. हा फुल-फ्लोटिंग ॲक्सल. सेमी-फ्लोटिंगमध्ये शाफ्टच गाडीचे वजन पेलतो आणि शाफ्टच चाक फिरवतो. तो बेअरिंगच्या बाहेर तुटला तर चाक गेले.

जीपच्या बाबतीत एक मौज आहे. महायुद्धातल्या लष्करी विलीस जीपचा मागचा ॲक्सल फुल-फ्लोटिंग होता. युद्धानंतर शेतकऱ्यांसाठी नागरी जीप आली तेव्हा, सुरुवातीच्या काही गाड्या सोडल्यास, तो सेमी-फ्लोटिंग झाला. मुंबईत माझगावला १९४९ मध्ये या जीप जोडण्यास सुरुवात झाली. ही कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे नाव ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ असे होते. त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, पुढे तेथील गव्हर्नर जनरल झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले. असो.

या जुन्या जीपांत मागचा शाफ्ट आणि हब असे दोन वेगळे तुकडे असतात. शाफ्टचे टोक निमुळते, त्यावर हब, मध्ये लोखंडी चावी आणि बाहेर नट. लोकांना वाटते चावी चाक फिरवते. खरे काम निमुळत्या टोकाच्या घट्ट पकडीचे आहे. नट ढिला पडला की पकड सुटते, सगळा भार चावीवर येतो, चावी कापली जाते आणि शाफ्ट हबमध्ये नुसता फिरतो. म्हणून टोक आणि हब स्वच्छ व कोरडे करून बसवावे, ग्रीस लावू नये, आणि नट टॉर्क रेंचने आवळावा. लांब पाइप लावून ‘बस झाले’ म्हणणे ही पद्धत आता सोडायला हवी. अमेरिकेत १९७६ ते १९८६ दरम्यानच्या सीजे जीपांतील एएमसी-२० ॲक्सलला हाच दोष होता, आणि तेथे फ्लँजसकट एकसंध शाफ्ट घालणे हा सर्वमान्य इलाज ठरला.

आमचे मत विचाराल तर जुन्या जीपला खर्च करायचाच असेल तर पहिला पैसा येथे घालावा. फ्लँजसह एकाच तुकड्यात घडवलेला शाफ्ट, किंवा जमत असेल तर फुल-फ्लोटिंग हब. ताकद किती वाढली हा प्रश्न दुय्यम; शाफ्ट तुटला तरी चाक गाडीसोबत राहावे, ही खरी सुधारणा. कुळेहून दूधसागरला प्रवासी घेऊन ओढे ओलांडत जाणाऱ्या जीपा, किंवा ताडोब्यात रोज दोन फेऱ्या करणाऱ्या जिप्सी, यांचे मालक स्पर्धा खेळत नाहीत. त्यांच्या मागच्या सीटवर दुसऱ्यांची लेकरे असतात.

काळपट रेघांच्या तुकड्याचे कारणही येथेच आहे. त्या रेघा म्हणजे धातूचा थकवा. सेमी-फ्लोटिंग शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला किंचित वाकतो आणि सरळ होतो. हौसिंग वाकडे असेल, बेअरिंग सैल असेल किंवा ऐट म्हणून चाक बाहेर काढणारे स्पेसर लावले असतील तर हे वाकणे वाढते. आमच्या स्नेह्यांनी स्पेसर लावले होते. अशा ठिकाणी कितीही भारी शाफ्ट घाला, तो पुन्हा जाणार. म्हणून तुटलेला तुकडा फेकू नये, नवा घ्यायला जाताना सोबत न्यावा. दाते पिळलेले असतील तर भार जास्त झाला. रेघा असतील तर थकवा. तिरके, दाणेदार, एका फटक्यात तुटलेले असेल तर पोलाद ठिसूळ होते.

पुढच्या ॲक्सलचे थोडक्यात सांगतो. तेथे शाफ्टपेक्षा जॉइंट आधी जातो. बऱ्याच जीपांत क्रॉस असतो, जिप्सीत गोळ्यांचा जॉइंट. स्टिअरिंग पूर्ण वळवून ॲक्सिलरेटर दाबला की क्रॉसच्या टोप्या बाहेर ढकलल्या जातात आणि शाफ्टचे कान उघडतात. भारी शाफ्टमध्ये बाजारू क्रॉस घालणे म्हणजे तिजोरीला सुतळीचे कुलूप.

कोणाला काय द्यावे

कंपनीच्या मापाचे टायर, लॉकर नाही, कामाची गाडी: अशा गिऱ्हाइकाला नवा अस्सल कंपनीचा शाफ्ट, नवे बेअरिंग आणि सील द्यावे. त्याला ‘हेवी’ विकण्याची गरज नाही, आणि न विकल्याने तो परत येतो. टायर थोडे मोठे पण लॉकर नसेल तरीही हेच पुरते, चालवणारा शहाणा असला तर. लॉकर आणि ३३ इंची टायर असे दोन्ही असेल तर मात्र भट्टीतून काढलेला मिश्र पोलादाचा शाफ्ट हवा, आणि शक्य तेथे जाडीही.

पण त्यालाही एक गोष्ट सांगावी. शाफ्ट हा विजेच्या पेटीतल्या फ्यूजसारखा असतो. तो जास्तच मजबूत केला की त्याच्या आधीचे काहीतरी तुटते: क्राऊन-पिनियन, प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, नाहीतर ट्रान्सफर केस. फुल-फ्लोटिंग शाफ्ट रानात अर्ध्या तासात बदलता येतो. क्राऊन-पिनियन बदलायला गाडी टो करून आणावी लागते. अनेक जाणते लोक यासाठीच मुद्दाम साधा शाफ्ट ठेवतात आणि एक जोड सोबत बाळगतात. आम्हाला हे पटते, जरी पार्टवाल्याचा त्यात तोटा असला तरी.

खरेदी करताना दोन कागद मागावेत. एक पोलादाचे टेस्ट सर्टिफिकेट, दुसरा हीट ट्रीटमेंटनंतरचा कडकपणाचा अहवाल, ज्यात कातडी आणि गाभा असे दोन्ही आकडे हवेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर घ्या की पुण्याच्या नाना पेठेत, ज्याच्याकडे दुसरा कागद नाही त्याच्या मालाला ‘हेवी’ म्हणू नये. कागद नसेल तर निदान कानस घ्या. दात्यांच्या कडेशी आणि बेअरिंगच्या जागेवर नवी कानस फिरवा. कडक कातडीवर ती घसरते, मऊ पोलादात चावते. ही परीक्षा कडकपणाची आहे, चिवटपणाची नाही, हे लक्षात असावे. डावा आणि उजवा शाफ्ट अनेक गाड्यांत एका लांबीचा नसतो, तेव्हा जुना समोर ठेवून माप घ्यावे. आणि बिल घ्यावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारींच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे; तो वाचवण्यासाठी बिनबिलाचा शाफ्ट घेणाऱ्याला तो तुटल्यावर कोणाचा दरवाजा ठोठावता येत नाही.

कायद्याचेही पाहावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, ठरावीक अपवाद सोडले तर, नोंदणी पुस्तकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच मापाचा शाफ्ट बदलणे ही दुरुस्ती झाली. पण ज्या बदलांसाठी मजबूत शाफ्ट लागतो, ते बदल कायद्याच्या नजरेत येऊ शकतात. विमा कंपनीच्या नजरेत तर नक्कीच.

भाच्याने निळे शाफ्ट फळीवरून उतरवले. जे विकले गेले होते त्यांच्यापैकी ज्यांचे फोन नंबर होते त्यांना त्याने बोलावून घेतले, आणि उरलेला माल भट्टीवाल्याला दाखवला. बेअरिंगच्या जागेवर ग्राइंडिंगसाठी माल शिल्लक नसल्याने त्यातले निम्मे भंगारात गेले. नुकसान झाले, ते त्याने सोसले. आता तो शाफ्ट बसवण्यापूर्वी त्याच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढतो. पुढच्या वेळी शाफ्ट बाहेर काढला की रेघ सरळ आहे की वळली ते पाहायचे. वळली असेल तर शाफ्ट तुटला नसला तरी बाद. ही युक्ती उस्तादांची.

आमच्या स्नेह्यांच्या जीपला एकसंध शाफ्ट बसले, स्पेसर निघाले. काढलेला उजवीकडचा जुना शाफ्ट तपासून, तेल लावून, गोणपाटात गुंडाळून सीटखाली ठेवला आहे. त्याच्यासोबत उस्तादांनी एक जाड तार आणि मोठे लोहचुंबक दिले. शाफ्ट आत तुटला की त्याचा तुकडा हौसिंगमध्ये अडकून राहतो, आणि तो बाहेर काढल्याशिवाय नवा शाफ्ट आत जात नाही.